हं, घे

चंडीगड, सेक्टर २२
१० नोव्हेंबर २०२४

आशूताई,

नमस्कार अर्धाच घे. उरलेला अर्धा तू फोन उचलशील तेव्हा. दिवाळीपासून किती वेळा लावला! दर वेळी दाजीच उचलतात आणि म्हणतात, "ती जरा कामात आहे." सर्वेशदाजींसारखा सज्जन माणूस माझ्याशी खोटं बोलतोय असं वाटायला लागलंय. व्हॉइस नोट टाकली तर तू नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून म्हटलं, चला, जुन्या वाटेनं जाऊ. मी बारा वर्षांचा असताना बाबांची इथं बदली झाली, तेव्हा आपली गाणी आंतर्देशीय पत्रातूनच जायची ना? मी शब्द आणि खाली सारेगम लिहून पाठवायचो, आणि मे महिन्यात आपण मावसभावंडं मामाकडं इचलकरंजीला जमलो की तू गाऊन दाखवायचीस.

बातमी अशी, की ती गाणी मी आता रेकॉर्ड करायची ठरवली आहेत. हसू नकोस. वीस-बावीस वर्षं मी इथल्या पोरांना गाणी लिहून देतोय. हिंदी, पंजाबी, जे मागतील ते. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची पोरगी परदेशी गेली, सगळ्यांच्या दुःखाचा पुरवठा माझ्याकडून. ऑफिस सुटलं की सेक्टर सतरातून चालत घरी यायचं, चहा घ्यायचा आणि दुसऱ्याच्या विरहाला यमक शोधत बसायचं. दमलोय मी, ताई. परवा एकाला चाल गाऊन दाखवत होतो तर म्हणाला, "अंकल, आप मत गाओ, बस लिरिक्स भेज दो." अंकल! कांचन तिकडं स्वयंपाकघरात खो खो हसत होती. बायको म्हणून काही लाजलज्जा?

या सगळ्यात आपली पाच मराठी गाणी तशीच पडून राहिली. हळू आवाजाची, एका खोलीत दोघांनी म्हणावी अशी. तुझ्यामाझ्याशिवाय ती नीट कुणी ऐकलेलीसुद्धा नाहीत.

पिंजौरला विक्रम म्हणून दोस्त आहे. घराच्या वरच्या खोलीत त्यानं स्टुडिओ केलाय, भिंतींवर जुन्या रजया ठोकून. मार्चमध्ये तो कॅनडाला चाललाय, पक्का. तोवर दर रविवारी खोली माझी, म्हणाला. त्यानंतर हे होणे नाही. मी माझा मला ओळखतो, एकदा बसलो की पुन्हा उठणार नाही.

तर नाताळात रजा टाकून तू ये. गायचं तू, पेटी माझी, नेहमीसारखं. शाळेत पोरांवर ओरडून घसा फाडून घेण्यापेक्षा हे बरं. तिकीट काढू ना?

तुझा
देवा

---

इचलकरंजी
२१ नोव्हेंबर २०२४

देवा,

उरलेला अर्धा नमस्कार ठेव तुझ्याकडं, व्याजासकट घेईन. पत्र बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पोस्टमन दारात उभा राहून मला न्याहाळत होता. या बाईला कोण पत्र लिहितंय, असा त्याचा चेहरा.

आता काम. मला यायला जमणार नाही. घराला रंग काढलाय, सगळं सामान अंगणात, आणि त्या रंगाच्या वासानं घसाही बसलाय. शाळेतून रजाच घेतलीय. फोनवर बोलवत नाही म्हणून उचलत नाही, त्यात रागावण्यासारखं काही नाही. तू आपलं पत्रच लिही. व्हॉइस नोट टाकलीस की तुला उलट व्हॉइस नोट हवी असते. मला कुठं एवढा वेळ?

पण गाणी थांबवायची नाहीत. तूच गा. होय, तूच. गाणी तुझी, शब्द तुझे, चाल तुझी, मग गळा का उसना? तुझा आवाज काही मोठा नाही, मला माहीत आहे. मोठा लागतो कुणाला? "थांबायचं तर चहापुरतं थांब" ही ओळ काय चौकात उभं राहून ओरडायची आहे? समोरच्या माणसाच्या कपात साखर घालताना म्हणतात तसं म्हण. फक्त "जायचं तर सांगून जा" मधलं "सांगून" ओढू नकोस. तुला ओढायची खोड आहे. ओढलं की ते रडगाणं होतं.

आणि त्या अंकल म्हणणाऱ्याचं नाव कळव, शाप देते.

अनेक आशीर्वाद,
आशूताई

---

चंडीगड
८ डिसेंबर २०२४

आशूताई,

गेलो होतो. गायलो. म्हणजे गायचा प्रयत्न केला.

सतराच्या अड्ड्यावरून काल्क्याची बस पकडली, पिंजौरला उतरलो. विक्रमच्या आईनं आधी मुळ्याचे पराठे चारले. इथं कुणी उपाशीपोटी गाऊच देत नाही. मग वर गेलो. पहिली पंचाईत अशी, की समोर पेटी नसली की हातांचं करायचं काय? जन्मभर हात पेटीवर. विक्रम म्हणाला, वाद्यं नंतर, आधी नुसता आवाज. मी हात खिशात घातले तर म्हणाला, जॅकेटचा आवाज येतोय.

दुसरी पंचाईत मोठी आहे. हेडफोनमध्ये टिक टिक वाजतं, चार टिका झाल्या की गाणं सुरू करायचं. साधी गोष्ट. मला जमत नाही. चार होतात आणि मी तसाच उभा. मग आठवतं आणि मी गडबडीनं धावत येऊन ओळ पकडतो, सुटणाऱ्या बसचा दांडा पकडावा तशी. दर वेळी. विक्रमनं कितीदा तरी पुन्हा करून घेतलं. शेवटी कानातलं काढून त्यानं शांतपणे विचारलं, "देव जी, किसका वेट कर रहे हो?" काय सांगणार त्याला? मलाच माहीत नव्हतं.

जे काही झालं ते व्हॉट्सअॅपवर पाठवलंय. ऐक आणि खरं सांग. कांचन म्हणते चांगलं आहे, पण ती माझी खिचडीही चांगली म्हणते. रेवा कॉलेजातून आली, एक ओळ ऐकली आणि म्हणाली, "पापा, थोड़ा सैड है." घरात मराठीत विचारावं नि हिंदीत उत्तर यावं, हे आता अंगवळणी पडलंय. पण आपलं गाणंही तिला परकंच वाटलं तर काय उपयोग, हे डोक्यातून जात नाही.

ताई, एक कर. घसा बरा झाला असेल तर पहिली ओळ गाऊन पाठव. नुसती पहिली. मला कळू दे कुठून सुरू करायचं ते.

तुझा
देवा

---

इचलकरंजी
१९ डिसेंबर २०२४

देवा,

ऐकलं. दाजी सुताच्या सायझिंग कारखान्यात कामाला गेल्यावर दार लावून ऐकलं, कारण इथं खिडकी उघडी ठेवली की मागांच्या खडखडाटात देवाची आरतीसुद्धा ऐकू येत नाही.

चांगलं आहे. खिचडीसारखं नव्हे, खरंच चांगलं आहे. "सांगून" ओढलं नाहीस, शहाणा आहेस. दुसऱ्या कडव्यात श्वास चोरतोयस, तिथं मोकळा घे. श्वास ऐकू आला तर येऊ दे. माणूस आहेस ना तू?

आणि विक्रमला सांग की तू माझी वाट बघतोयस. एवढंही कळलं नाही होय तुला? आठव की. मामाच्या माडीवर तू पेटी घेऊन बसायचास, सूर धरून माझ्याकडं बघत राहायचास, आणि मी "हं, घे" म्हटल्याशिवाय बोट हलवायचा नाहीस. एकदा मी मुद्दाम गप्प बसले तर तू तसाच बसलेला, भाता मारत, जेवायच्या हाका येईपर्यंत! कधी स्वतःहून सुरू केलं आहेस का रे एकही गाणं? नाही. तीच सवय आता नडतेय. आता मनात तूच म्हण, "हं, घे," आणि सुरू कर.

ओळ गाऊन पाठवायचं राहू दे. घसा अजून तसाच आहे. आणि मी गायले की तू माझी नक्कल करशील, मग तुझं काय राहिलं त्यात?

थंडीत कानटोपी घालून जात जा पिंजौरला.

आशूताई

---

चंडीगड
१२ जानेवारी २०२५

आशूताई,

इथं धुकं असं पडलंय की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नाही. दोन रविवार बसच सुटली नाही. गेलो त्या रविवारी मनात "हं, घे" म्हणून बघितलं. नाही जमत. स्वतःला गुदगुल्या करून हसू येतं का? तसंच आहे ते. विक्रम बिचारा सारखा घड्याळ बघतो. त्याची बांधाबांध सुरू झालीय. मला वाटतं, राहणार हे.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं. मंजुषामावशीचा फोन आला होता. तिच्या श्रीरामच्या लग्नाचं सगळं वर्णन झालं, जेवणासकट. आणि मग म्हणाली, "आश्लेषानं मंगलाष्टकं म्हटली नाहीत. भटजी थांबले, सगळे तिच्याकडं बघत राहिले, आणि ही अक्षता हातात घेऊन मान खाली घालून उभी. शेवटी कुणीतरी मोबाइलवर लावली. एवढा कसला ताठा आलाय तिला?"

मावशीचं बोलणं मी मनावर घेत नाही. पण घराण्यातलं एक लग्न तुझ्या मंगलाष्टकांशिवाय लागलेलं मला आठवत नाही. रंगाचा वास अजून आहे म्हणायचं का घरात? दोन महिने?

मला वाटतं ते बोलून टाकतो. मी ही गाणी गातोय हे तुला आवडलेलं नाही. तोंडानं तूच गा म्हणतेस, पण दोन शब्द गाऊन पाठवायला तयार नाहीस. तुझ्या गळ्यातली गाणी मी घेतली असं वाटत असेल तर तसं सरळ सांग. मी आत्ता थांबवतो. तसाही कंटाळलोय. एका माणसासाठी तर करत होतो, तिलाच नको असेल तर कुणासाठी धुक्यात बसच्या रांगेत उभं राहायचं?

देवेंद्र

---

इचलकरंजी
२ फेब्रुवारी २०२५

देवा,

"देवेंद्र" अशी सही केलीस. ती बघून दोन दिवस पत्र उशीखाली ठेवलं. मग म्हटलं, बास झालं.

घराला रंग काढलाच नव्हता. जूनमध्ये माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं, नातेवाइकांत कुणाला कळू दिलं नाही. गाठ साधी निघाली, त्याबद्दल देवाला नारळही फोडला. पण गळ्यातली एक नस दुखावली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, कधीकधी होतं असं. सहा महिने वाट बघा म्हणाले, पुष्कळांचा आवाज परत येतो. वाट बघितली. माझा नाही आला.

बोलते तेव्हा नुसता वारा येतो. कुजबुजल्यासारखं. या गावात माणसं जन्मापासून मागांवरून ओरडून बोलतात, तिथं माझं कुजबुजणं कुणाला ऐकू जायचं? दाजी बिचारे तोंडाजवळ कान आणतात. शाळेत सत्तर पोरांसमोर उभी राहून काय करू, म्हणून रजा. श्रीरामच्या लग्नात भटजी थांबले तेव्हा मला जमीन दुभंगावी असं झालं. मावशीला म्हणावं, ताठा नव्हता तो.

तुला का नाही सांगितलं? तुला मी ओळखते म्हणून. कळलं असतं तर तू गाणी बांधून माळ्यावर टाकली असतीस आणि माझ्या नावानं गळा काढत बसला असतास. आणि मला ती गाणी ऐकायची होती. एवढाच स्वार्थ.

तू विचारलंस, आवडलं नाही का? खरं सांगते. तुझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मला राग आला. जळले मी. "चहापुरतं थांब" ही माझी जागा होती, तिथं तू उभा. फोन गादीवर फेकला. मग खूप रडले. रडतानाही आवाज येत नाही रे, ते फार वाईट. मग परत लावलं. तेव्हापासून रोज लावते. माझ्या गळ्यातलं जे काही होतं ते आता तुझ्याच गळ्यात उरलंय. तेही तू थांबवलंस तर माझ्याकडं काहीच राहणार नाही.

म्हणून थांबवू नकोस. उशिरा सुरू झालं तरी चालेल. जा पिंजौरला.

आशूताई

---

चंडीगड
११ फेब्रुवारी २०२५

आशूताई,

पत्र ऑफिसातल्या जिन्यात उभं राहून वाचलं. मग रजा टाकून सतराच्या चौकात कारंज्याच्या कडेला बसून राहिलो. मी काय काय लिहिलं तुला! मला क्षमा कर, आणि नाही केलीस तरी पुढचं वाच.

दाजींना मी खोटारडे म्हणालो होतो, त्यांच्या पाया पडतो म्हणून सांग. कांचन सकाळपासून देवापुढं बसलीय. मंजुषामावशीला मी फोन केला. माझ्या शब्दांत सांगितलं, तुझ्या नाही. ती रडली.

रविवारी पिंजौरला गेलो, पण गायलो नाही. विक्रमला सगळं सांगितलं. त्यानं माईक ओठांशी ओढून दाखवला. मग म्हणाला, माईक तोंडाशी धरला तर पाकळी पडल्याचाही आवाज येतो, कुजबुज तर फारच मोठी गोष्ट झाली. तुमच्या या हळू गाण्यांत ओरडणाऱ्याचं काम नसतं, म्हणाला.

ताई, तू गाऊ नकोस. मी गायला सांगतच नाही. मला फक्त दोन शब्द हवेत. कुठले ते तुला माहीत आहे. फोन ओठांजवळ धर आणि म्हण. त्यावर मी सुरू करतो. नाहीतर मी असाच भाता मारत बसणार, आणि या वेळी जेवायला हाक मारायलाही कुणी नाही.

विक्रमकडं शेवटचा रविवार २३ तारखेचा. तू नाही म्हणालीस तरी जाईन. एवढा शब्द देतो.

देवा

---

इचलकरंजी
१७ फेब्रुवारी २०२५

देवा,

पत्र आज सकाळी आलं. आधी नाही म्हणायचंच ठरवलं. असला आवाज कशाला ठेवायचा कुणाच्या कानात? दाजींना चिठ्ठी वाचायला दिली. त्यांनी वाचली आणि माझा फोन चार्जिंगला लावला.

दुपारी वीज गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. अशी शांतता इथं वर्षातून कधीतरी येते. स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं. एकदाच. परत ऐकलं नाही, माझी छाती नाही झाली. लगेच पाठवून दिलं.

कसंही आलं असलं तरी मला कळवू नकोस. ऐकून रडत बसायचं नाही. गायचं.

आशूताई

---

चंडीगड
२ मार्च २०२५

आशूताई,

कळवू नकोस म्हणालीस, पण आजवर तुझं ऐकलंय कधी मी?

विक्रमनं टिक टिक काढून टाकली आणि त्या जागी तुला ठेवलं. मी उभा राहिलो. कानात आधी तुझ्या स्वयंपाकघरातली शांतता आली, मग तुझा श्वास, मग "हं, घे." आणि मी सुरू केलं, ताई. बरोब्बर जागेवर. विचार करायला वेळच मिळाला नाही. गाणं संपलं तेव्हा विक्रम कानातलं काढत म्हणाला, "आज वेट नहीं किया?" मी म्हटलं, "किया ना. आ गई."

पाचातली तीनच झाली. दोन राहिली, आणि आता राहणारच. विक्रमची खोली रिकामी झाली, रजया परत पलंगावर गेल्या. मलाही आता बसावंसं वाटतंय, अगदी खोटं कशाला सांगू. दमणुकीचं काही गाण्यानं जात नाही. पण तीन आहेत.

जाण्याआधी विक्रमनं विचारलं होतं, सुरुवातीचं ते बोलणं कापून टाकू का, गाणं साफ होईल. मी नको म्हटलं. दोन शब्द तसेच आहेत, तुझ्या श्वासासकट.

काल घरी सगळ्यांना ऐकवलं. कांचन डोळे पुसत होती, तिला सगळं माहीत होतं. रेवाला मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं परत पहिल्यापासून लावलं. मग मला विचारलं, "पापा, ये शुरू में जो गाती है, वो कौन है?"

मी म्हटलं, "तुझी आत्या."

"गाती है" म्हणाली, ताई. मी तिची चूक सुधारली नाही.

तुझा
देवा